कुमारांची झोप आणि देहातील घड्याळ

दिल्लीच्या पुसा भागात राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आहे. भारताची प्रमाणवेळ राखण्याचे काम या संस्थेकडे सोपविलेले आहे. सीझियम या धातूच्या अणूंतील आंदोलने मोजून चालणारी घड्याळे तेथे अहोरात्र चालू असतात, आणि आपण जी वेळ प्रमाण मानतो ती अखेर त्यांच्यावरून ठरते.

या प्रयोगशाळेच्या आसपासच्या वस्त्यांत, किंबहुना नोएडापासून गुरुग्रामपर्यंत पसरलेल्या सबंध राजधानी परिसरात, पहाटे साडेपाचच्या सुमारास घरोघरी एक दृश्य दिसते. आई पंधरा वर्षांच्या मुलाला हाक मारते. पहिल्या हाकेला उत्तर येत नाही. दुसऱ्या हाकेला मुलगा कूस बदलतो. तिसऱ्या हाकेनंतर पांघरूण ओढले जाते, आणि त्याबरोबर 'आळशी', 'बेशिस्त' ही विशेषणेही येतात. आदल्या रात्री अकरा वाजता हाच मुलगा पूर्ण टवटवीत होता आणि झोपायला तयार नव्हता, याची आठवण त्याला आवर्जून करून दिली जाते. घराबाहेर पडताना दोघांचीही मने कडवट झालेली असतात.

या मुलाला आळशी म्हणावे काय? गेल्या तीस-पस्तीस वर्षांत शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा कसून अभ्यास केला आहे. पुष्कळ अंशी त्यांचे उत्तर 'नाही' असे आहे. भिंतीवरील घड्याळ आणि मुलाच्या देहातील घड्याळ या वयात एकमेकांशी जुळत नाहीत. हे देहातील घड्याळ म्हणजे काय, कुमारवयात ते मागे का पडते, आणि घराने व शाळेने याबाबतीत काय करावे, याचा विचार आपण येथे करणार आहोत.

लाजाळूपासून मेंदूपर्यंत

इ. स. १७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. लाजाळूसारख्या वनस्पतीची पाने दिवसा उघडतात आणि रात्री मिटतात, हे सर्वांना ठाऊक होते. द मेराँने ते रोप काळोखात ठेवले. सूर्यप्रकाश पोहोचत नसतानाही पाने ठराविक वेळी उघडत आणि मिटत राहिली. रोपाला वेळ कळते ती केवळ बाहेरून नव्हे, असा या प्रयोगाचा अर्थ होता.

पुढे असेच घड्याळ कीटक, पक्षी, सस्तन प्राणी आणि मनुष्य यांच्यातही आढळले. आपल्या देशात प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांनी मदुराई कामराज विद्यापीठात या शास्त्राची परंपरा उभी केली. माणसाला सूर्य आणि घड्याळ या दोहोंपासून दूर ठेवून त्याच्या झोपेची लय तपासता यावी, यासाठी त्यांनी तेथे एक खास कक्षही बांधून घेतला होता. या आंतरिक घड्याळाची यंत्रणा फळमाशीच्या पेशींत शोधून काढल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाचे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू जेथे एकमेकांना छेदतात त्या जागेच्या किंचित वर असते. सुमारे वीस हजार पेशींचा हा एक लहानसा पुंजका आहे. त्याचा एक फेरा चोवीस तासांपेक्षा किंचित मोठा असतो. म्हणून ते घड्याळ रोज थोडे लावून घ्यावे लागते, आणि ते काम प्रामुख्याने प्रकाश करतो. पहाटेचा व सकाळचा प्रकाश हे घड्याळ पुढे सरकवितो. त्यामुळे त्या रात्री झोप लवकर येते. रात्रीचा प्रकाश ते मागे ढकलतो. त्यामुळे झोप लांबते.

सायंकाळ सरल्यावर हे घड्याळ मेंदूतील एका लहान ग्रंथीला संदेश देते. ती ग्रंथी मेलॅटोनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडू लागते. 'आता रात्र झाली' अशी ही सबंध देहाला दिलेली सूचनाच होय.

कुमारवयात काय घडते?

झोप येण्यास दोन गोष्टी कारणीभूत होतात. पहिली गोष्ट वर सांगितलेले घड्याळ. दुसरी गोष्ट म्हणजे झोपेचा भार. जागे असताना हा भार तासातासाने वाढत जातो आणि झोपेत तो उतरतो. कुमारवयात या दोन्ही गोष्टी बदलतात.

मेरी कार्स्काडन या अमेरिकन संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये असे दाखवून दिले की, मुले जसजशी वयात येतात तसतसा त्यांचा कल उशिरा झोपून उशिरा उठण्याकडे वळतो. या बदलाचा संबंध केवळ मित्रमंडळींशी किंवा अभ्यासाच्या ओझ्याशी नसून शरीराच्या वाढीशीही आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. कुमारवयात मेलॅटोनिन रक्तात उशिरा उतरू लागते. पुढे आणखी असे आढळले की, मोठ्या कुमारांत झोपेचा भारही लहान मुलांपेक्षा सावकाश साचतो. दहा वर्षांच्या मुलाचे डोळे रात्री नऊ वाजता आपोआप मिटू लागतात. त्याच्या सोळा वर्षांच्या बहिणीला त्या वेळी खरोखरच झोप आलेली नसते. स्वाभाविक झोपेच्या आधीचे एक-दोन तास तर मनुष्य विशेष तरतरीत असतो. रात्री दहा वाजता मुलांचा उत्साह का ओसंडून वाहतो, याचे उत्तर येथे मिळते.

हा बदल कायमचा नसतो. जर्मनीतील टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २५,००० लोकांच्या झोपेच्या सवयी तपासून २००४ मध्ये असा निष्कर्ष काढला की, उशिराकडे झुकण्याचा हा कल विशीच्या आसपास शिखर गाठतो आणि नंतर हळूहळू ओसरतो. मुलींमध्ये हे शिखर मुलांपेक्षा थोडे आधी येते.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. 'हे सारे मोबाइल फोनमुळे होते,' असे पुष्कळ पालक म्हणतात. फोनचा दोष आहेच, आणि त्याचा विचार आपण पुढे करू. परंतु कार्स्काडनचे संशोधन झाले तेव्हा आजचे फोन अस्तित्वात नव्हते. शिवाय वयात येताना दिनक्रम उशिराकडे सरकण्याचा असाच प्रकार इतर काही सस्तन प्राण्यांतही दिसून आला आहे, आणि त्यांच्या हाती फोन नसतो. झोप मुळात निसर्गाने लांबविलेली असते. फोन ती आणखी लांबवितो.

दिल्लीची सकाळ

हा निसर्गनियम दिल्लीतील विद्यार्थ्यांच्या दिनक्रमाशी ताडून पाहू. शाळेच्या इमारती अपुऱ्या असल्यामुळे दिल्लीतील अनेक सरकारी शाळा दोन पाळ्यांत भरतात. एकाच इमारतीत सकाळी मुलींची शाळा आणि दुपारी मुलांची शाळा, अशी व्यवस्था पुष्कळ ठिकाणी आहे. सकाळची पाळी सातच्या सुमारास सुरू होते. दुपारची एकच्या सुमारास. मुलींनी दिवसाउजेडी घरी पोहोचावे, हा या वाटणीमागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु त्याचा एक परिणाम सहसा कोणी लक्षात घेत नाही. देहातील घड्याळ मागे पडण्याच्या वयात पहाटे उठण्याचा भार मुलींवर अधिक पडतो. पुष्कळ घरांत शाळेपूर्वीचे पाणी भरणे आणि शाळेनंतरचे घरकामही त्यांच्याच वाट्याला येते.

खाजगी शाळांतील मुलांची स्थिती याहून फार वेगळी नाही. शाळा साडेसात-आठला भरली, तरी शहराची अंतरे मोठी असल्यामुळे बस सहा-साडेसहाला दारात उभी राहते. सायंकाळी शिकवणीचे वर्ग असतात. ते आटोपून घरी आलेले मूल जेवण आणि गृहपाठ उरकून अंथरुणावर पडते तेव्हा अकरा वाजून गेलेले असतात.

यात हिवाळ्याची भर पडते. जानेवारीत दिल्लीला सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, आणि दाट धुके असेल तर त्याचे दर्शन त्याहून कितीतरी उशिरा घडते. मूल अंधारात उठते आणि अंधारातच बसची वाट पाहते. घड्याळ पुढे सरकविणारा सकाळचा प्रकाश त्याला मिळत नाही. घड्याळ मागे ढकलणारा रात्रीचा दिव्यांचा प्रकाश मात्र शिकवणीच्या वर्गात आणि घरी भरपूर मिळतो.

महाराष्ट्रातील वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर आधारलेली आहे. दिल्लीचा सूर्य या वेळेच्या सुमारे २१ मिनिटे मागे असतो, पुण्याचा सुमारे ३५ मिनिटे आणि मुंबईचा जवळजवळ ३९ मिनिटे. म्हणजे मुंबईच्या मुलाला सातची शाळा सूर्याच्या हिशेबाने सव्वासहाच्या किंचित पुढे गाठावी लागते.

झोपेची थकबाकी

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप आवश्यक आहे, असे निद्राविज्ञानाच्या अमेरिकन अकादमीने २०१६ मध्ये सांगितले. आता आपला हिशेब मांडू. साडेअकराला झोपून साडेपाचला उठणाऱ्या मुलाला सहा तास झोप मिळते. किमान गरज आठ तासांची धरली, तरी रोज दोन तासांची तूट पडते. सोमवार ते शनिवार शाळा असेल, तर आठवड्याअखेर बारा तासांची थकबाकी साचते.

ही थकबाकी निरुपद्रवी नसते. दिवसभरात शिकलेले स्मरणात पक्के होण्याचे काम बरेचसे झोपेत चालते. वाढीला आवश्यक असलेला अंतःस्रावही गाढ झोपेत विशेष प्रमाणात स्रवतो. अपुऱ्या झोपेमुळे लक्ष विचलित होते, चिडचिड वाढते आणि क्षुल्लक बोलणेही मनाला लागते. आवेगाला आवर घालणारा मेंदूचा पुढील भाग विशी उलटून गेल्यावरही वाढतच असतो. या कोवळ्या लगामावर झोपेच्या अभावाचा ताण पडला, की मूल फटकन उलटून बोलते. आपण त्याला उद्धट म्हणतो. प्रत्यक्षात ते पुष्कळदा थकलेले असते.

कार्स्काडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९८ चा एक अभ्यास येथे आठवतो. ज्या विद्यार्थ्यांची शाळा पूर्वी ८ वाजून २५ मिनिटांनी भरत असे आणि पुढील वर्षी ७ वाजून २० मिनिटांनी भरू लागली, त्यांची झोप त्यांनी तपासली. सकाळी साडेआठला झोपण्याची संधी देताच त्यांपैकी जवळजवळ निम्मी मुले केवळ झोपीच गेली असे नव्हे, तर ती थेट स्वप्नांच्या निद्रेत शिरली. निरोगी माणसात ही अवस्था सामान्यतः झोप लागल्यानंतर सुमारे दीड तासाने येते. त्या वेळी मुले वर्गात बसलेली असली, तरी त्यांच्या मेंदूत मध्यरात्रच चालू होती.

थकबाकी फेडण्यासाठी मूल रविवारी दहा वाजेपर्यंत झोपते. यात गैर काही नाही, पण एक गुंतागुंत आहे. शनिवारी रात्री एकला झोपून सकाळी दहाला उठले, तर झोपेचा मध्यबिंदू साडेपाचला येतो; इतर दिवशी तो अडीचला असतो. फरक तीन तासांचा पडतो. दिल्ली आणि टोकियो यांच्या घड्याळांत साडेतीन तासांचे अंतर आहे. दर सोमवारी पहाटे आपण मुलाला जवळजवळ टोकियोच्या वेळेला उठवितो, आणि मग ते पेंगते याचे नवल करतो.

शाळेची वेळ बदलली तर?

'शाळा उशिरा भरविली तर मुले आणखी उशिरा झोपतील,' असा आक्षेप घेतला जातो. अमेरिकेतील सिॲटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७ वाजून ५० मिनिटांवरून ८ वाजून ४५ मिनिटांवर नेली. मुलांच्या मनगटाला हालचाल मोजणारी उपकरणे बांधून केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. मुले रोज सरासरी ३४ मिनिटे अधिक झोपू लागली होती. कॅलिफोर्निया राज्यात तर माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नये, असा कायदा जुलै २०२२ पासून अमलात आला.

दोन पाळ्यांच्या दिल्लीला अधिक जवळचे उदाहरण अर्जेंटिनाचे आहे. ब्वेनोस आयरेस येथील एका शाळेत विद्यार्थ्यांना सकाळ, दुपार आणि सायंकाळ अशा तीन पाळ्यांपैकी एक पाळी सोडतीने मिळते. त्यामुळे निसर्गाने जणू प्रयोगच मांडून ठेवला होता. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, मुलांची आंतरिक घड्याळे पाळीप्रमाणे काही अंशी बदलतात, पण पुरती बदलत नाहीत. सकाळच्या पाळीची मुले सर्वांत कमी झोपत होती. त्यांतही ज्यांचा कल स्वभावतः उशिराकडे होता ती अभ्यासात, विशेषतः गणितात, मागे पडत होती. बुद्धी तीच, शिक्षक तेच. अंतर पडले ते वेळेमुळे.

आपल्याकडे हा प्रश्न उपस्थित झालाच नाही असे नाही. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. लहान मुलांच्या झोपेची काळजी घेतली गेली, हे स्वागतार्ह आहे. परंतु निसर्गाचा क्रम पाहिला, तर सात-आठ वर्षांची मुले लवकर झोपून लवकर उठू शकतात. पहाटेचा खरा त्रास होतो तो नववी-दहावीच्या मुलांना. ज्यांना अधिक गरज आहे ती मुले त्या आदेशाच्या बाहेर राहिली.

दिल्लीत शाळेची वेळ बदलणे सोपे नाही, हेही मान्य केले पाहिजे. मे महिन्यात दुपारचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा उन्हात मुलांना घरी सोडण्यापेक्षा शाळा लवकर भरविणे शहाणपणाचे ठरते. इमारती एका पाळीला पुरत नाहीत, तोवर दुसरी पाळी टळत नाही. तरीही हिवाळ्यातील वेळ अर्ध्या तासाने पुढे नेणे, वरच्या वर्गांचे गणितासारखे विषय पहिल्या तासाला न ठेवणे, शिकवणीचे वर्ग रात्री लवकर संपविणे, एवढे तरी करता येण्यासारखे आहे. पालक-शिक्षकांच्या सभेत गुणांच्या चर्चेबरोबर झोपेचीही चर्चा व्हावी.

घरात काय करावे?

शाळेची वेळ आपल्या हाती नसली, तरी घरातील दिवे आपल्या हाती असतात. पालकांसाठी काही गोष्टी पुढे सांगितल्या आहेत.

पहिली गोष्ट प्रकाशाची. झोपेच्या वेळेआधी एक तास घरातील प्रखर दिवे मालवावेत आणि मंद दिवा ठेवावा. सकाळी उठल्याबरोबर पडदे उघडावेत. शक्य असल्यास मुलाने दहा-पंधरा मिनिटे गच्चीवर किंवा सज्जात उजेडात उभे राहावे. डोळ्यांच्या पडद्यावरील काही पेशी केवळ उजेडाची मात्रा मोजून ती मेंदूतील घड्याळाला कळवितात. निळसर प्रकाश त्यांना विशेष जाणवतो, आणि फोनच्या पडद्यातून तोच बाहेर पडतो.

दुसरी गोष्ट फोनची. प्रकाशापेक्षाही फोनवरील संभाषण मनाला अधिक जागे ठेवते. फोन हिसकावून घेतल्याने भांडण होते आणि झोप आणखी दूर जाते. त्यापेक्षा घरातील सर्वांचे फोन, आईवडिलांचेही, रात्री एका ठराविक जागी ठेवण्याचा नियम करावा. जो नियम वडीलधारी माणसे पाळतात तो मुलांना जाचक वाटत नाही.

तिसरी गोष्ट सुट्टीच्या दिवसाची. रविवारी तासभर अधिक झोपू द्यावे, दुपारपर्यंत नको. उरलेली तूट दुपारच्या अर्ध्या तासाच्या झोपेने थोडीफार भरून निघते. सायंकाळची दीर्घ झोप आणि चहा-कॉफी मात्र टाळावी.

चौथी गोष्ट शब्दांची. पहाटेची वेळ उपदेशाला सर्वांत अयोग्य होय. त्या वेळी मुलाचा मेंदू ऐकण्याच्या स्थितीत नसतो. सांगायचे ते सायंकाळी, जेवणाच्या वेळी, शांतपणे सांगावे. देहातील घड्याळाची ही माहिती मुलालाच समजावून द्यावी. स्वतःचे शरीर असे का वागते हे कळले, की दप्तर आणि गणवेश रात्रीच तयार ठेवून सकाळची वीस मिनिटे वाचविण्याची युक्ती मूल आपण होऊन शोधते.

शेवटची गोष्ट सर्वांत गंभीर आहे. प्रत्येक जागरण वयाचे नसते. सलग दोन आठवडे झोप उडाली असेल किंवा फार वाढली असेल, मूल उदास राहत असेल, मित्रांना टाळत असेल, खाणेपिणे बदलले असेल, तर त्यामागे मनाचा विकार असू शकतो. मूल मरणाविषयी बोलू लागले, तर दोन आठवडेही वाट पाहू नये. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत तेरा ते सतरा वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांत असे विकार आढळले होते. अशा वेळी रागावू नये आणि 'वय सरले की जाईल' म्हणून गप्पही बसू नये, डॉक्टरांना गाठावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे अहोरात्र सल्ला मिळतो.

पुसा येथील घड्याळ कोणासाठी थांबत नाही, आणि शाळेची घंटाही थांबणार नाही. मुलाने जगाच्या वेळेशी जुळवून घ्यायला शिकले पाहिजे, हे खरेच आहे. परंतु त्याच्या देहातील घड्याळ काही वर्षे मागे चालणार आहे आणि पुढे आपोआप सावरणार आहे, हे ठाऊक असलेल्या घरात पहाटेची हाक वेगळ्या स्वरात मारली जाते. मूल उठते तितक्याच कष्टाने. पण घराबाहेर पडताना त्याच्या मनात कडवटपणा नसतो.